माझ्या अक्षरातली तारीख

३ मार्च, सोमवार

आज चिमणीला झाकण उघडायला शिकवलं! नवी आलेली मुलगी, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. पीएच.डी.चा पहिला महिना आणि बाई बाटलीशी कुस्ती खेळतायत. म्हटलं, आण इकडे. टेबलाच्या कडेवर झाकण दोनदा ठोकलं, फिरवलं – सुटलं. "ताई, जादू!" जादू कसली. माझ्या जुन्या कॉलेजातल्या बाईंची युक्ती. तीस वर्षं त्या प्रत्येक घट्ट झाकणाला असाच चोप देतायत.

आठवण काढली आणि संध्याकाळी त्यांचाच फोन. शंभर वर्षं आयुष्य आहे बाईंना! मी नोव्हेंबरात नेऊन दिलेलं रसायनांचं खोकं अजून बांधलेलंच आहे म्हणाल्या, तिकडे प्रयोगशाळेत रंगकाम चाललं होतं. "येत्या नाही, पुढच्या बुधवारी प्रॅक्टिकल सुरू, तेव्हा सोडते. तुझ्यामुळे आमच्या पोरांची सोय झाली गं." बरं वाटलं. कुणीतरी आपल्याला चांगलं म्हणतं.

४ मार्च, मंगळवार

धूर ओढणारा पंखा पुन्हा बंद. सरांना सांगितलं. "नंतर बघू." त्यांना आम्ही नंतरसर म्हणतो ते काही उगाच नाही.

५ मार्च, बुधवार

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय.

दुपारी जेवून आले. डबा धुऊन ठेवतेय तर मागून चिमणी – "ताई, ईथरचं झाकण फारच घट्ट आहे हो." मी वळून बघितलं. मागच्या कपाटातली तपकिरी बाटली तिच्या हातात. तिरकी धरलेली, झाकण टेबलाच्या कडेपासून वीतभर वर. मीच शिकवलेलं. खिडकीतलं ऊन बाटलीच्या मानेवर पडलं होतं आणि झाकणाखाली पांढरे खडे चमकत होते. साखर सांडून चिकटावी तसे.

मी ओरडले – "ठेव!" कुणाचा आवाज होता कोण जाणे, माझा नव्हता. ती दचकली. दचकल्यावर हातातून सुटली असती तर? सुटली नाही. "हळू ठेव. अगदी हळू. आता ये इकडे."

जुना ईथर. हवेने आणि उजेडाने तो आतल्या आत बिघडतो आणि खडे धरतो, ते स्फोटक. झाकण नुसतं फिरवलं तरी त्या घासण्याने बाटली उडू शकते. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. परीक्षेत मी पैकीच्या पैकी मिळवले होते!

चिमणी म्हणाली, "पण ताई, तारीख तर नोव्हेंबरची आहे. चारच महिने झालेत. मी बघूनच घेतली." बरोबर आहे तिचं. बाटलीवर लिहिलंय – उघडली : १७ नोव्हेंबर. सुबक, ठळक अक्षरात.

अक्षर माझं आहे.

५ मार्च, पुन्हा

मघाशी पुढे लिहवलं नाही. लिहून टाकते.

नोव्हेंबरात तपासणी होती. प्रत्येक बाटलीवर ती कधी उघडली ती तारीख हवी. आमच्याकडे निम्म्या बाटल्यांची लेबलं पुसलेली, काहींना नव्हतीच. सर म्हणाले, "तुझं अक्षर सुंदर आहे, तूच बस." कुठली तारीख टाकू विचारलं, तर म्हणाले, "आजची टाक, सगळीकडेच असं करतात." खरंच करतात. माझ्या आधी दुसरी मुलगी बसायची. तपासणीवाल्यांनी लेबलांचं कौतुक केलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आईने शेजारच्या काकूंना.

स्टोअरवाल्या काकांना विचारलं, ती बाटली मुळात कधीची? काका डोकं खाजवत म्हणाले, "मागच्या सरांच्या काळातली. सहा तरी वर्षं झाली. तू तेव्हा कॉलेजात असशील."

चिमणीच्या आईचा फोन आला होता दुपारी. चिमणी तिला सांगत होती, "इथे एक ताई आहेत ना, खूप काळजी घेतात माझी." मी पलीकडेच उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "घाबरट आहेस. चार महिन्यांची बाटली आहे ती."

मी – "सर, तारीख खोटी आहे. तुम्हीच..."

"अक्षर कुणाचं आहे?"

सरांनी चष्मा परत चढवला. "पेपर जाऊ दे या महिन्यात, मग नंतर बघू. आणि गावभर करू नकोस, चौकशी लागली तर प्रयोगशाळा बंद होईल. तुझीच चार वर्षं पाण्यात जातील."

बाहेर आले. बाटलीची भीती वाटते. सरांची वाटते. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्या लेबलाची. काल चिमणीला ओरडताना मला आधी ती दिसली की लेबल दिसलं? प्रामाणिकपणे सांगता येत नाही. याची फार लाज वाटतेय.

बाटली चिमणीने ठेवली तिथेच टेबलावर आहे. कुणी हात लावायला तयार नाही. मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली – हलवू नये. या वेळी तरी खरं लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

चिठ्ठी गायब. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "साहेबांनी काढायला सांगितली. पाहुणे येणार होते." त्यांनी बाटलीभोवतीचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं होतं. भोवतीचं! माझ्या पाचावर धारण बसली. मावशींना दोन मुलं आहेत.

९ मार्च, रविवार

जेवण जात नाही. आईने विचारलं, कुणी काही बोललं का? नाही म्हटलं. मग बाबांनी टीव्ही बंद केला. आमच्या घरी टीव्ही बंद होणं म्हणजे मोठीच गोष्ट. सांगून टाकलं सगळं.

आई हबकली. म्हणाली, "सोडून दे ते, उद्यापासून जाऊ नकोस." बाबांनी रिमोट बाजूला ठेवला. मग – "तू गेली नाहीस तरी बाटली तिथेच राहील ना?"

रडले. लहान असताना रडायचे तशी, नाक पुसत.

१० मार्च, सोमवार

सकाळी नोटीस. नवीन यंत्र येणार, उद्या दुपारी टेबलं आणि कपाटं हलवायला माणसं येणार. सर सहलीला निघाल्यासारखे खूश. मी म्हटलं, सर, ती बाटली. "अगं, तीही हलवतील. ती माणसं रोज सामानच उचलतात."

ती माणसं. चार जण असतील. त्यांना लेबल वाचायला तरी कोण सांगणार? आणि वाचलं तर काय वाचतील? माझंच खोटं.

जिन्यात जाऊन अग्निशमन दलाला फोन केला. आवाज फाटत होता. नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाटलीवर तारीख आहे का?" म्हटलं, आहे. खोटी आहे. मी लिहिली आहे.

अर्ध्या तासात इमारत रिकामी!

११ मार्च, मंगळवार

स्फोटकं निकामी करणारं पथक आलं. सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. एक माणूस जाड चिलखतासारखा पोशाख घालून आत गेला, किती हळू बाहेर आला! मागच्या मैदानात खड्डा, भोवती वाळूची पोती. मग तो आवाज. पायाखालची जमीन हलली. पलीकडच्या इमारतीच्या दोन काचा गेल्या. एवढ्याशा बाटलीने.

चिमणीने माझा हात धरला तो सोडेचना. "ताई, ती माझ्या हातात होती." एवढंच पुन्हा पुन्हा. मी तिला सगळं सांगितलं – लेबल, तपासणी, सगळं. ती बघत राहिली. हात मात्र सोडला. सोडणारच.

सर कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते. स्टोअरवाले काका हळूच म्हणाले, "वाचलो गं बाई तुझ्यामुळे." माझ्यामुळेच मरणार होतो, हे त्यांना कोण सांगणार.

पथकाच्या अधिकाऱ्याने विचारलं, अशा आणखी किती? म्हटलं, एकच. उद्या लेखी जबाब द्यायचाय. देईन. चार वर्षं गेली तर गेली. आज पहिल्यांदा पोटभर जेवले. सगळे जिवंत आहेत.

१२ मार्च, बुधवार

जबाबासाठी तारखा हव्या होत्या म्हणून गेल्या वर्षीची वही काढली. १७ नोव्हेंबर – "एकतीस लेबलं लावली. हात मोडला! जुन्या ईथरच्या दोन बाटल्या निघाल्या. एक आपल्या कपाटात ठेवली, एक बाईंच्या खोक्यात घातली, त्यांच्याकडे काहीच नसतं बिचाऱ्यांकडे. उद्या बसने मांडीवर घेऊन जाईन."

दोन.

विसरलेच होते. स्वतः लिहिलेल्या तारखेवर माझाच विश्वास बसला होता.

पावणेअकरा झालेत. बाईंचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. वर्गात फोन घेत नाहीत त्या. कॉलेजच्या ऑफिसचा लागत नाही. पथकाला कळवलंय, निघतो म्हणाले. बाबा गाडी काढतायत. एका हातात फोन आहे, दुसरा हात थांबत नाही म्हणून लिहितेय. प्रॅक्टिकल अकराला. झाकण घट्ट असलं की बाई ते टेबलाच्या कडेवर ठोकतात.