मेहुण्याच्या गळ्यातलं कार्ड

मंगळवार, शिक्रापूर

वेबसाइट होस्टिंगचा माझा धंदा आज पुण्याच्या कंपनीनं घेतला. किंमत चांगली लावली, तक्रार न्हाई. पण मॅनेजर केला कुणाला? माझ्या मेहुण्याला! तो इंजिनियर, मी बारावी. सर्व्हर सांभाळायला शिकवलं कुणी त्याला?

गळ्यात कंपनीचं कार्ड घालूनच जेवायला आला. बायकोनं भावाला ओवाळलं, कार्डावर सांडलेलं कुंकू पदरानं पुसलं. मी धंदा उभा केला तवा मला कुठं ओवाळलं हिनं?

तेवढ्यात कारेगावच्या मंगल कार्यालयाच्या आप्पांचा फोन. माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यांची साइट बंद पडलेली. मी सवयीनं लॅपटॉप ओढला.

"दाजी, पासवर्ड बदललेत," मेहुणा कार्डाशी चाळा करत म्हणाला.

फोन त्याच्याकडं द्यावा लागला. आप्पांचा आवाज मला इथपर्यंत आला, "नमस्कार, साहेब!"

मला इतकी वर्षं नुसतं 'बाळ्या'.