गरजलं की वायर काढायची

बाबा, कालपर्यंत नऊ दिवस घरातलं इंटरनेट सारखं जात होतं आणि मी पार थकून गेले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा लोक मोबाइल हातात धरून रेंज शोधत गच्चीवर जायचे आणि तुम्ही त्यांना हसायचात, की तारेशिवाय बोलणं म्हणजे खांबाशिवाय मांडव. आता बहुतेक तसंच चालतं. म्हणजे एक तार येते, दोऱ्याएवढी बारीक, आत काचेची. ती खिडकीतून शिरून हॉलमधल्या एका डबीला लागते आणि तिथून पुढे सगळं हवेतून. त्या हवेवर माझी नोकरी आहे. आतल्या खोलीत बसून मी विम्याची कागदपत्रं तपासते, कॉम्प्युटरवरूनच माणसांशी बोलते, आणि मध्ये मध्ये उठून बाहेर आई दिसतेय ना ते बघते.

हे बघणं आता भाग आहे. आईला हल्ली कालचं आठवत नाही, आणि जुनं इतकं आठवतं की तिला ते आत्ताचंच वाटतं. गेल्या वर्षी मी दळण आणायला खाली गेले तेवढ्यात ती घराबाहेर पडली. पापडीच्या रस्त्याला सापडली, अनवाणी, होळी गावातल्या आपल्या वाडीत वांगी तोडायची राहिली म्हणून निघालेली. वाडी विकून आपण वसईत फ्लॅट घेतला हे तिच्या लेखी अजून व्हायचंय. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, एकही महिन्यावर टिकली नाही. घरात आम्ही दोघीच. म्हणून ऑफिसने मला घरून काम करायची मुभा दिली, आणि या नऊ दिवसांत तीच जायची वेळ आली. माझी वरिष्ठ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, स्वभावाने वाईट नाही. तिने शांतपणे सांगितलं की सोमवारच्या मीटिंगमध्येही लाइन गेली तर एक तारखेपासून मला रोज ऑफिसला यावं लागेल. रोज ऑफिस म्हणजे सकाळी सात ते रात्री आठ बाहेर. त्या वेळात आईचं काय, हा प्रश्न तिने विचारला नाही आणि मीही काढला नाही.

मग मी काय काय केलं म्हणून सांगू. डबी बंद करून चालू केली. तीस सेकंद थांबून केली, पाच मिनिटं थांबून केली. पासवर्ड बदलला, शेजारच्यांवर संशय घेतला. मायक्रोवेव्हमुळे जातं असं कोणी म्हणालं म्हणून चार दिवस दूध गॅसवर तापवलं. मोबाइलवरून चालवून पाहावं तर आतल्या खोलीत भिंतींमुळे रेंजच येत नाही. कंपनीला फोन लावला की तिकडून गोड आवाज येतो, डबीवरचा कोणता दिवा लाल आहे ते बघा. मी बघते, लाल आहे. मग म्हणतात, बंद करून चालू करा. ते करेपर्यंत लाइन कधी आलेली असते, कधी नसते. जाते ती साधारण वीस मिनिटं, कामाच्या ऐन वेळी, आणि नंतर काही झालंच नाही अशी परत येते. संध्याकाळी कितीही सिनेमे बघा, हूं की चूं नाही. मला वाटायला लागलं होतं की हिचं माझ्याशीच वाकडं आहे.

आणि हे सगळं करताना तुम्ही आठवत होता, हे खरं सांगते. टेलिफोन खात्यातला लाइनमन कधी आधी खांबावर चढत नाही, हे तुम्ही मला भुईगावला शिकवलं होतं. मी सहावी-सातवीत असेन. सुट्टीत तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आले होते. चिंचोळी गल्ली, दोन्हीकडे वाड्या, आणि दारात एक म्हातारबुवा तुम्हाला फैलावर घेतायत की आठवडाभर फोन मुका आहे, खातं झोपलंय. तुम्ही त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, बंद कधी पडतो, वेळ सांगा. ते म्हणाले वेळ कसली, कायमचाच बंद. तुम्ही घरात गेलात, फोनपासून वायर धरून हळूहळू चालत भिंतीपर्यंत आलात, आणि खाटेच्या पायाखाली चिरडलेली जागा शोधून काढलीत. दहा मिनिटांचं काम. परत येताना तुम्ही म्हणालात, "आधी हाताजवळचं बघायचं, मग खांबावर चढायचं. मी नवा होतो तेव्हा दोन तास खांबावर काढले होते, आणि खाली घरात रिसीव्हर उशीखाली होता." मी हसून कॅरिअरवरून पडायची बाकी होते.

एवढं शिकूनही मी पहिल्या दिवसापासून खांबावरच होते. सातव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, नालासोपाऱ्याहून, पन्नाशीचा, गुडघे धरत जिना चढणारा. त्याने मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम क्लिअर आहे. पीछे वायर जरा ढिली होती, बसवली. प्रॉब्लेम बाहेरून नाय, तुमच्याकडेच काहीतरी होतंय." मला राग आला. लाइनमनच्या मुलीला हा शिकवतोय असं वाटलं. चहासुद्धा विचारला नाही मी त्याला, बाबा. तुम्ही असता तर मला उभी करून विचारलं असतंत.

वायर ढिली होती हे मला दिसलं नाही त्याला एक कारण होतं. आपल्या जुन्या फोनवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा, पांढरा, कडेला निळी नक्षी. तो तिने जपून ठेवला होता आणि ही डबी आली त्या दिवशी तिच्यावर घातला. डबी गरम होते म्हणून मी काढायचे, दुपारपर्यंत तो पुन्हा वर असायचा. पुढचे दिवे तेवढे दिसतील अशी घडी घालायची, मागच्या वायरी मात्र झाकलेल्या. मी लाल दिवा बघत राहिले, रुमालामागे काय आहे ते बघितलंच नाही.

तो फोन तुम्हाला आठवत असेल. होळीच्या घरात ओटीवर, खिडकीशी. आळीत तेवढाच एक. सगळ्यांचे निरोप त्यावर यायचे, आणि तुमचा एकच नियम होता: आभाळ गरजलं की भिंतीवरच्या डबीतून वायर काढायची, वायर ओढायची नाही, डोकं धरून काढायची, आणि गरजणं थांबलं की परत लावायची. ते काम तुम्ही आईला दिलं होतं. ती कधी चुकली नाही. मग मी नोकरीच्या खटपटीत होते त्या वर्षीचा ऑक्टोबर. भात कापायला आलेलं, दुपारची उकाड्याची वेळ, आणि वसईच्या खाडीवरून काळा ढग चढला. वीज पडली ती आपल्या घरामागच्या माडावर. फोन जळाला, भिंतीवर हाताएवढा काळा डाग उमटला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. तुम्ही आलात तोवर अर्धी आळी ओटीवर जमली होती. अख्ख्या गावाला वायर काढा सांगणारा लाइनमन, आणि त्याच्याच घरचा फोन. कोणीतरी म्हणालंच, दिव्याखाली अंधार. आई तेवढ्यात वाडीतून धावत आली, ओच्यात भाजी, डोक्यावरून पाणी निथळतंय. तुम्ही सगळ्यांसमोर तिला म्हणालात, "एक काम सांगितलं होतं. तेवढंही होत नाही तुझ्याकडून." तुम्ही फारसे रागावणारे नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी आतल्या दारात उभी होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओच्यातली भाजी टोपलीत काढून ठेवायला लागली. चार दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत.

सोमवारी सकाळी मी ठरवलं की आज आतल्या खोलीत बसायचंच नाही. डबीला खेटून, हॉलमध्ये, आईच्या खुर्चीसमोर लॅपटॉप मांडला. मीटिंग सुरू झाली, अकराला पाच मिनिटं होती. माझी पाळी आली, मी बोलायला लागले, आणि शेजारच्या प्लॉटवर डंपर आला. ती जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर येतोय, पायासाठी नऊ-दहा दिवसांपासून खडक फोडतात, आणि फोडलेले दगड रिकाम्या डंपरमध्ये ओततात. रोज अकराच्या सुमाराला आणि चारनंतर. आतल्या खोलीत दार लावून कानाला हेडफोन लावलेल्या मला ते ऐकूच येत नव्हतं. हॉलमध्ये मात्र खिडक्या हलतात. बाबा, ते अगदी गरजल्यासारखं वाजतं.

आई उठली. भिंत धरत डबीपाशी आली. रुमाल उचलून घडी घालून खांद्यावर टाकला, वाकली, आणि दोन बोटांनी डोकं धरून ती बारीक वायर अलगद काढली. अजिबात ओढली नाही, आणि रुमाल पुन्हा डबीवर घातला. समोर पडद्यावर सगळे चेहरे जागच्या जागी थांबले.

मी ओरडले. नऊ दिवसांचं सगळं तिच्यावर काढलं. नोकरी, एक तारीख, कंपनी, सगळं. आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं, "एक काम करू नको म्हटलं तर तेवढंही होत नाही तुझ्याकडून." वाक्य बाहेर पडल्यावर मला ते कोणाचं आहे ते कळलं.

आई घाबरली नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं, स्वच्छ ऊन पडलेलं, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "गरजतंय ना बाय. त्यांनी सांगितलंय. मी काढलीय आता." मग माझा हात धरला. "पन तू परत नको लावू. मग ते मला बोलतात."

चाळीस वर्षं होत आली, बाबा. तिने तुम्हाला सांगितलं नाही, मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटायचं तिला माहीतच नाही. त्या दुपारी आईने वायर काढली होती, नेहमीसारखी, आणि मग ती वाडीत गेली. मुंबईच्या एका ऑफिसमधून माझ्या नोकरीचा फोन येणार होता. दोन दिवस मी त्या फोनपाशी घुटमळत होते. आई वाडीकडच्या दाराने बाहेर गेली आणि मी वायर परत लावली. तो फोन आलाच नाही, आठ दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. तुम्ही तिला बोललात तेव्हा मी दारात होते, एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी ते बोलले नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही.

सोमवारी मी गॅलरीत जाऊन मोबाइलवरून वरिष्ठ मुलीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. कंपनीचा दोष नाही, लाइनीचा नाही, आई काढते आणि का काढते. ती म्हणाली, महिनाभर बघू. तेवढंच. डबी आता आतल्या खोलीत माझ्या टेबलावर आहे, आणि हॉलमध्ये तिच्या जागी मी पेटीतला तुमचा फोन ठेवलाय, जळल्यावर तुम्ही खात्यातून बदलून आणला होतात तो. त्याची वायर भिंतीला कशालाही न जोडलेल्या एका डबीत खोचली आहे. डंपर आला की आई उठते, रुमाल काढते, वायर काढते. आवाज थांबला की लावते. कालपासून दोनदा काढून झाली, आणि माझं नेट एकदाही गेलं नाही. कंपनीच्या माणसालाही फोन करून सांगितलं. तो हसला, म्हणाला, "होतं असं मॅडम."

हे पत्र कुठे टाकायचं, टाकणार नाहीच. चार वाजत आलेत, आई बाहेर जागी आहे, मटार सोलतेय, मधूनच खिडकीकडे कान देतेय. मध्ये फक्त एक दार आहे. तिला जे सांगायचं ते मी दोन तास बसून तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. तुम्ही इतकं शिकवूनही, बाबा, मी पुन्हा आधी खांबावरच चढले.