दोनशे बारा मते, एकच हात

प्रति,
मा. खेळ निवड अधिकारी,
वऱ्हाडवाट गेम्स, यवतमाळ.

विषय : ‘बंडीवाला’ या बैलगाडीच्या मोबाइल खेळाचे पुढचे भाग ज्यांच्या आधारे काढले, ते दोनशे बारा अभिप्राय रद्द करून दीपमाला रामटेके यांना खरे काय ते कळवणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच अहवाल, दि. २४ मे २०२३.

महोदया,

अर्जदार सुनील खेमसिंग राठोड, सर्वेक्षण सहायक, खालीलप्रमाणे लिहून देतो. हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते, हेही त्यास मान्य आहे.

१. मे २०२३ मध्ये आपल्या आदेशाने अर्जदार वणी भागात गेला. सोबतच्या फोनमध्ये राजूरच्या दीपमाला यांनी तयार केलेला ‘पांढरी साडी’ हा नवा खेळ होता. कोळशाच्या गावात एक बाई पांढरी साडी धुते. ट्रक जातात, वारा फिरतो, धूळ उडते. संध्याकाळच्या वंदनेपर्यंत साडी डाग न पडू देता वाळवायची आणि नेसून विहारात जायचे, एवढाच खेळ. तो दोनशे बारा जणांना खेळायला द्यायचा आणि हा हवा की ‘बंडीवाला’चा पुढचा भाग, ते विचारायचे, असे काम होते.

२. अर्जदाराने फोन पिशवीतून काढलाच नाही. रसवंतीत बसून सर्व फॉर्म त्याने स्वतः भरले. त्यासाठी तीन पेने वापरली, काही सह्या डाव्या हाताने केल्या. सर्वांचे मत एकच : ‘ओळखीचाच खेळ बरा.’ एका फॉर्मवर घाईत त्याची स्वतःचीच सही झाली. ती आजवर कोणाच्या लक्षात आली नाही.

३. कोणी विचारले असते तर अर्जदार उन्हाचे कारण सांगणार होता. खरे कारण वेगळे आहे. ‘बंडीवाला’तील लाल्या आणि सोन्या ही अर्जदाराच्या घरच्या बैलांची नावे. तांड्यात त्याला मान आहे तो त्यामुळेच. नवा खेळ आला तर आपली बंडी कायमची सुटेल, अशी त्याला भीती वाटली. पुढे भाग सहा, सात, आठ निघाले. नाला तोच, चढ तोच. यंदा फक्त शिंगांचा रंग बदलला. कंपनी जुन्याच खेळांवर दिवस काढते असे लोक बोलतात, तेव्हा अर्जदार मान खाली घालतो.

४. ‘लोकांच्या नापसंतीमुळे आपला खेळ बंद करण्यात येत आहे’ हे दीपमाला यांना गेलेले पत्रही अर्जदारानेच टाइप केले. त्या आता वजनकाट्यावर ट्रकच्या पावत्या लिहितात. एप्रिलमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “लोकायलेच नाही आवडला, तं आपन काय करावं, भाऊ?” आणि वर चहा पाजला. अर्जदार तो प्याला, याची त्याला आजही लाज वाटते.

५. मागील महिन्यात अर्जदाराने रजा काढून तोच फोन चाळीस जणांच्या हाती खरोखर दिला. एकतीस जणांनी ‘बंडीवाला’च मागितला, हे तो लपवत नाही. पण तेवढ्यामुळे खोट्याचे खरे होत नाही. नऊ जण मात्र फोन परत देईनात. त्यांत दीपमाला यांच्या आई कौसल्याबाई होत्या. तीनदा खेळल्या, तिन्ही वेळा साडीला डाग पडला. मग म्हणाल्या, “हे तं आमचंच आंगन हाय. पोरीनं मले कायले नाही दाखोलं?” अर्जदाराला उत्तर ठाऊक होते. तरी त्याने फक्त फॉर्म पुढे केला.

६. सबब विनंती की, ते दोनशे बारा फॉर्म रद्द व्हावेत. लाल्या व सोन्या यांना निदान वर्षभर जू काढून सोडावे. अर्जदारास भर मे महिन्यात दोनशे बारा घरी पायी पाठवावे. आणि सर्वांत आधी दीपमाला यांना कंपनीच्या शिक्क्यानिशी कळवावे, की त्यांचा खेळ लोकांनी नाकारला नाही. लोकांना तो दाखवलाच नव्हता.

आपला अपराधी,
सुनील खेमसिंग राठोड
यवतमाळ, दि. १४/११/२०२५

सोबत : १) फोन, चार्जरसह. २) चाळीस खरे फॉर्म. ३) पेने, तीन.

प्रत : दीपमाला रामटेके, राजूर. आज सकाळी समक्ष दिली. त्यांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली. पोच म्हणून सही मागितली तेव्हा “म्हंजे कोनी पाह्यलाच नव्हता?” एवढेच विचारले, आणि फोन घेऊन आईकडे गेल्या. त्यामुळे सोबतच्या यादीतील क्र. १ जोडता आलेला नाही. चार्जर जोडला आहे.