कॉलरची पट्टी

मंगळवार, १४ तारीख, दुपार

ताई,

नमस्कार. मावशीला सांग, मी बरी आहे. म्हणजे ताप तरी उतरलाय. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून कुणाला पत्र लिहिलं नाही, अक्षराला हसू नकोस. तू रोज संध्याकाळी येतेस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडते. तोंडावर बोलणं मला जमतच नाही, म्हणून बाबांच्या हाती हे पाठवतेय.

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाचं शटर पायावर पडलं त्याला चार महिने झाले. प्लेट बसवली, स्क्रू बसवले, मग पू झाला म्हणून परत उघडलं. डॉक्टर म्हणतात जखम आतून भरत यायला हवी, घाई चालत नाही. ड्रेसिंगवाल्या नर्सबाई म्हणतात, "ओरड की गं जरा, मला बरं वाटेल!" मी नाही ओरडत.

राग येतो तो तुझा. माझ्या मशीनवर बसतेस, माझं स्टूल खाली करून घेतलंस, वर इथे येऊन सांगतेस, "अगं, तुझं मशीन किती हलकं चालतं!" त्या दिवशी मला वाटलं, हिच्या बोटात सुई जावी. खरंच वाटलं. कॉलर बसवायला मला दोन वर्षं लागली. तू तीन महिन्यांत शिकलीस. मास्तर म्हणे बोलले, "हिचा हात साफ आहे." मला ते एकदाही असं म्हणाले नाहीत गं.

मोरीत घसरले म्हणून पायाचे टाके उसवले, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ते खोटं आहे.

त्या रविवारी दुकान बंद होतं आणि एक किल्ली अजून माझ्याकडे होती. आई बाजारात गेल्यावर मी कुबड्या घेऊन गेले. कॉलरची पट्टी ज्या मापाने कापतात तो पुठ्ठा खिळ्याला टांगलेला होता. मी तो दोन्ही टोकांना एकेक सूतभर कापला. इतकंसं कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मग तुझ्या स्टुलावर बसले, एक चिंधी घातली आणि सवयीने दोन्ही पाय पायडलवर ठेवले. चार टाके पडले नाहीत तर माझा मोजा रक्ताने ओला.

पुढचं तुला माहीतच आहे. हॉटेलच्या वेटरांचे बारा शर्ट, एकाचंही गळ्याचं बटण लागेना. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "गिऱ्हाइकांचे गळे आवळायला बसवलंय का तुला? शनिवारनंतर येऊ नकोस." काल तू हे सांगत होतीस आणि मी पांघरुणात हसत होते.

मग तू विचारलंस, "तुला तर सगळं येतं. माझं कुठं चुकलं, तू तरी सांग ना."

तुझं काही चुकलं नाही, ताई. पुठ्ठा जुन्या शर्टाच्या पट्टीवर ठेवून बघ, आखूड भरेल.

हे पत्र मास्तरांना दाखव. मग ते मला परत घेणार नाहीत. डॉक्टर म्हणालेत, वर्षभर पायडलचं नाव काढायचं नाही. मास्तर तेवढं थांबणार होते. आता कशाला थांबतील?

तू दाखवलं नाहीस तर मला फार बरं वाटेल. म्हणून आजच दाखव.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझी धाकटी