पाच डबे, तीन प्रती

सोमवार, ३ जून

फोटो साठवायचं जुनं यंत्र भरलं. हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे त्याच्या पोटात, आणि पोटात आता जागा नाही. मॅडम – आमच्या संचालिका – म्हणाल्या, "नवं घ्या. पंधरा दिवसांत ठरवा." मी म्हटलं, एक मोठं घेण्यापेक्षा पाच लहान घेऊ. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, तीन वेगळ्या यंत्रांवर. एखादं मेलं तरी बाकीची काम रेटतील.

"म्हणजे ते मरणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे?"

आहे. पण हे मीटिंगमध्ये बोलायचं नसतं, ते माहीत नव्हतं.

बुधवार, ५ जून

विक्रेता आला. कडक टाय. त्याला एकच भलंमोठं यंत्र खपवायचं होतं. "सर, हे बंदच पडत नाही." मग दुरुस्तीची पाच वर्षांची हमी कशाला देता, असं विचारलं. तो हसला. मीही हसलो. मग दोघंही बराच वेळ माहितीपत्रक वाचत बसलो.

शनिवार, ८ जून

डिस्कवर अडलोय. फिरत्या तबकड्यांच्या – जागा ऐसपैस, चाल कासवाची. चिपवाल्या – वाऱ्यासारख्या, पण जागा चिमूटभर. जेवताना बायकोला दोन्हींतला फरक समजावला. ती म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना एका भेटीत हो म्हणालास. या डब्यांची चौकशी आठवडाभर चाललीय."

म्हटलं, यांची हमी फक्त पाच वर्षांची असते.

"आणि माझी?"

पाणी प्यायलो.

मंगळवार, ११ जून

चाचणीसाठी तीन यंत्रं उसनी मिळाली. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून धुतलेल्या चादरींच्या खोलीत मांडली. तिथे मावशींचं राज्य, तीस वर्षांचं. "किती दिवस राहणार हे पाहुणे?" आठवडाभर, म्हटलं. "घोरतात फार." संध्याकाळी गेलो तर मावशी खूश. पाहुण्यांच्या पाठीमागून गरम हवा येते म्हणे.

गुरुवार, १३ जून

मावशींनी यंत्रांवर ओल्या चादरी वाळत घातल्या. मधलं यंत्र गुदमरून बंद पडलं – आणि नेमक्या तेव्हाच मॅडम एक्स-रेच्या डॉक्टरांना घेऊन चाचणी बघायला हजर. डॉक्टरांनी पडद्यावर एकेक फोटो उघडायला घेतला. मी चादरीचं टोक उचलून पाहिलं. यंत्र बंदच. इकडे फोटो उघडताहेत. दहा उघडले, वीस उघडले. त्यांना पत्ताच नाही.

मावशी तोंड पाडून उभ्या. "माझ्यामुळे बिघडलं का?"

"मावशी, एक यंत्र मुद्दाम बंद पाडून बघायचा मला दोन दिवस धीर होत नव्हता."

छाती फुगवून मी मॅडमना चादरीखालचं यंत्र दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तिन्ही प्रती याच खोलीत ना? मग खोलीलाच आग लागली तर?"

इतके दिवस डिस्क मोजल्या, खोली मोजलीच नाही.

सोमवार, १७ जून

मीटिंग. तीन यंत्रं इथे, दोन अंगणापलीकडच्या इमारतीत. कुठल्याही फोटोच्या सगळ्या प्रती एका छपराखाली नकोत. मॅडमना पटलं. मग म्हणाल्या, "पाच वर्षांपेक्षा जुने फोटो काढून टाका. जागा कमी लागेल, सगळ्याच डिस्क चिपवाल्या घेता येतील."

मोह झाला. खोटं कशाला बोलू – चिपवाल्यांवर माझा जीव जडलाय. जुने फोटो कितीदा लागतात, असं डॉक्टरांना विचारलं. "वर्षातून दोन-चारदा." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणार होतो. तोंडातून निघालं भलतंच – तबकड्याच घेऊ, चिपवाल्या फक्त नव्या फोटोंपुरत्या. जुने सावकाश उघडतील, पण राहू देत.

"कोण बघणार ते?"

राहू देत, एवढंच पुन्हा म्हटलं. नुसता हट्ट. मॅडमनी सही केली, पण पेन आपटून.

मंगळवार, २ जुलै

पाचही यंत्रं आली. केबल दुसऱ्याच कुणाच्या दारात गेल्या.

सोमवार, १५ जुलै

सगळे फोटो नव्या यंत्रांवर चढले. दुपारी जुनं बंद केलं. पाठ थोपटायला कुणी नव्हतं. मावशी भेटल्या, त्यांनी फक्त पाहुणे परत कधी येणार एवढंच विचारलं. चादरी वाळत नाहीत म्हणे.

बायकोचा खोकला तिसऱ्या आठवड्यात पोचलाय. कशीबशी शुक्रवारी फोटो काढायला राजी झाली.

शुक्रवार, १९ जुलै

तिच्या उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग मला विचारलं, "यांचा जुना फोटो आहे का?" नऊ वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली होती, तेव्हा बरगड्यांसाठी इथेच काढलेला होता. उघडायला लागला. सावकाश. तिने माझी बाही घट्ट धरली होती.

डाग तिथेच होता. तेवढाच.

"नऊ वर्षांत जागचा हललेला नाही," डॉक्टर म्हणाले. "खोकल्याचं औषध देतो. घरी जा."

जिना उतरताना तिने विचारलं, "काहीतरी खाऊया का?" मी मान हलवली.