बुधवारी आपल्याकडे भजी नाहीत

बाबा, गेल्या महिन्यापासून आपल्या हॉटेलातली बुधवारची कढई मी पुन्हा बंद केली आहे. नियम तुमचाच. आठवडा बाजाराच्या दिवशी आपण चहा द्यायचा, उसळ-पाव द्यायचा, पण भजी तळायची नाहीत. कारण त्या दिवशी वरच्या वाडीतली मावशी पहिल्या एसटीने स्टोव्ह घेऊन यायची आणि समोर वडाखाली भजी तळायला बसायची. कुणी मागितलीच तर तुम्ही म्हणायचात, "भजी तिच्याकडसून घेवन येवा, हंय बसान खावा. चाय मी देतंय." दारातलं गिऱ्हाईक दुसरीकडे धाडणारा हॉटेलवाला तालुक्यात एकच, असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुक नव्हतं.

मी कॉलेजात होते तेव्हाचा तो बुधवार. तुम्ही कुडाळला गेला आहात, बाजार तुडुंब भरला आहे, आणि मी हुशारी करून कांदाभजी तळते आहे. दुपारपर्यंत दोन परातींचा फडशा. तुम्ही आलात, वास घेतलात. "आज भजी कोणी तळल्यान?" मी फुशारकीने पुढे झाले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तुझे सा दिवस आसत गो. तिचो एकच. तो पण तुका होयो?" मग मला हाताला धरून वडाखाली नेलंत आणि मावशीची उरलेली भजी खपेपर्यंत तिच्याशेजारी बसवलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मावशी मात्र खूश, म्हणाली, "बरा झाला, माका सोबत गावली."

तुम्ही गेलात, काही वर्षांनी मावशीही गेली, आणि तिची सून बसायला लागली. इकडे पर्यटक वाढले. बुधवारी गाड्यांची रांग लागते आणि आपण भजी नाही म्हणायचं, हे मला जड जाऊ लागलं. 'ते दिवस गेले' म्हणत मी बुधवारीही कढई चढवली. तरी सुनेचं बरं चाललं होतं. पण हळूहळू तिची गिऱ्हाइकं आटली, आणि या पावसाळ्यानंतर ती आलीच नाही. स्टोव्ह विकून ती गोव्याला एका हॉटेलात भांडी घासायला जाणार, असं भाजीवालीकडून कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटी धरून तिच्या घरी गेले.

ती अंगणात भात वाळत घालत होती. मी म्हटलं, "ये परत. बुधवारी मी तळणार नाही." ती हसली. "नको ताई. सासूसारखी चव माझ्या हाताक नाय. लोकांका कळता ता." मी तिला तिथेच भजी तळायला लावली. बाबा, खोटं कशाला बोलू, मावशीपेक्षा काकणभर सरसच होती. मी मोबाईल काढला तशी ती ओरडली, "पदर तरी सारको करू दी गो!" तो व्हिडिओ मी सगळ्या होमस्टेवाल्यांना, रिक्षावाल्यांना धाडला. आता बुधवारी बसायला जागा नसते. लोक तिच्याकडची भजी घेऊन आपल्या बाकांवर बसतात आणि आपला चहाही दुप्पट खपतो. ती गोव्याला गेली नाही. गावात माझं नाव झालंय, बाजार समितीने श्रीफळ दिलं, आणि मी ते घेतलं.

तरी तिला पुरता धीर आलेला नाही. प्रत्येक घाण्यातलं पहिलं भजं घेऊन ती रस्ता ओलांडून येते आणि विचारते, "आज चव बरी आसा मां?" तिचं हे विचारणं मला सहन होत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका कुटुंबाने आपल्या दारात उभं राहून मला विचारलं होतं, समोरच्या बाईंकडची भजी खायला हरकत नाही ना? मी फक्त नाक मुरडलं. ते आत आले. मग पुढे कुणीही विचारलं की मी तेच करायचे, आणि माणसं आत यायची. तिच्या तेलात, तिच्या हातात काहीही वाईट नव्हतं. ती मात्र अजून आपल्या हातालाच दोष देते आहे.

आज बुधवार. ती समोरच आहे, दहा पावलांवर. हे सगळं तिला सांगायला हवं होतं, आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.