नमुना उत्तर

१२ एप्रिल
संचिताचा पुण्याहून फोन. इंग्रजीचे क्लास काढणार म्हणते. "आई, जर-तरची वाक्यां माका परत शिकव." तीस वर्षं मी दहावीला हेच शिकवलं. झोपेतून उठवून विचारा!

१३ एप्रिल
तिला सांगितलं — 'इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस खरंच येऊ शकतो, अंगणातली आमसुलं आत घ्या. 'इफ इट रेन्ड' म्हणजे आभाळ मोकळं आहे, नुसती कल्पना. क्रियापद भूतकाळाचं, पण काळ मागचा नाही. गोष्ट आपल्यापासून लांब सरकवलेली असते. मराठीत दोन्हीकडे 'आला तर' चालतं, म्हणून मुलं चुकतात.

१५ एप्रिल
आज तिने प्रश्न विचारायचे, मी नमुना उत्तरं द्यायची. लॉटरी लागली तर? गाव सोडावं लागलं तर? मग — तुझी मुलगी नवऱ्याला सोडून आली तर? 'लेफ्ट' अचूक वापरलं होतं पोरीने. मी ताडकन म्हटलं, "आय वुड सेंड हर बॅक." एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती हळूच म्हणाली, "बरोबर आसा, आई." मीच मला दहापैकी दहा दिले.

हे अंगणात आमसुलं उलटत होते; फोन स्पीकरवर, तिचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. म्हणाले, "गो, आपला चेडू काय विचारता?"
"व्याकरण. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"
"माका इंग्लिश येणा नाय. पण चेडवाचो आवाज कळता."
सातवी पास माणूस. काय बोलायचं!

१६ एप्रिल
फोन नाही. क्लासच्या गडबडीत असेल.

१७ एप्रिल
हे सकाळपासून माडीवरची खोली झाडतायत. गादी उन्हात घातली. कोण येणार आहे म्हटलं, तर "कोण नाय. आसांदे." म्हातारपणी एकेक सुचतं.

१९ एप्रिल
सकाळी सहाला दार वाजलं. संचिता. दोन मोठ्या बॅगा. क्लास वगैरे काही नव्हतंच. दीड वर्ष सोसत होती, म्हणाली.

उंबऱ्याबाहेरच थांबली. "आई, माका परत धाडशीत?"

माझी मला लाज वाटली. जड बॅग होती ती मी उचलली. वरची खोली तयारच होती.